आठवी झाली, आता नववीत कुठे? इंदुरातल्या एका मुलीसाठी विचारतेय

रामबागवाली | ४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात विचारलं की सगळे "सरकारीत घाला" एवढंच सांगतात.

आमच्याकडे नऊ वर्षांपासून कामाला येणाऱ्या बाई मूळच्या खरगोनकडच्या. नवरा छावणीच्या मंडीत हमाली करतो. थोरली मुलगी यंदा आठवी पास झाली, धाकटा पाचवी. थोरली आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्क्यांतून जवळच्याच एका खासगी इंग्रजी शाळेत लहानपणापासून शिकली. लॉटरीत नाव निघालं त्या दिवशी बाई आमच्याकडे पेढे घेऊन आल्या होत्या. मार्चमध्ये शाळेने कळवलं, नववीपासून सगळ्यांसारखी पूर्ण फीस, नाहीतर टीसी घेऊन जा.

कायदाच तसा आहे, मला माहीत आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, पहिली ते आठवीचा. पण परवा जे पाहिलं ते मनातून जात नाहीये.

दुपारी मुलगी आईबरोबर आली होती. मी चहा गाळून बाहेर आले तर ही मागच्या पायरीवर बसून शाळेच्या शर्टाचा बिल्ला ब्लेडने उसवतेय. एकेक टाका. दोरा निघाला की फुंकर मारायची. म्हटलं, अगं हे काय? तर म्हणे, "आंटी, सरकारीत पण पांढराच शर्ट चालतो. मम्मीला नवीन घ्यायला नको." बिल्ला निघाला, खाली गोल जागा उरली, बाकी शर्टापेक्षा पांढरीशुभ्र. ती जागा डाग असल्यासारखी बोटाने चोळत बसली.

सरकारीत घालायचं अजून कोणी ठरवलेलंही नाही हो. तिने आपलं आपणच ठरवून टाकलं.

आम्ही तीन-चार घरं मिळून तिची फीस भरायची म्हणतोय. भरावी का? की हिंदी माध्यमाचं सरकारी हायस्कूल? आणि महिनाभर ती गप्प आहे, ते नुसतं फीसमुळे की आणखी काही असतं या वयात? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. धाकटा सरकारी पाचवीतून सरकारी सहावीत जातोय, त्याला काही प्रश्न नाही.

छप्पनवाला | ४ एप्रिल, रात्री ९.५५

ताई, आधी आकडा सांगा. फीस किती?

रामबागवाली | ४ एप्रिल, रात्री १०.०२

चाळीस हजारांच्या घरात, पुस्तकं आणि ड्रेस वेगळे. बाईंना चार घरांचे मिळून महिन्याला दहा हजार मिळतात.

कोथरूडची_कुमुद | ४ एप्रिल, रात्री १०.३०

एक शंका, धाकट्याच्या सहावीवरून आठवली. तुम्ही मंडळी सहावीलाच माध्यमिक म्हणता का? आमच्याकडे नववी-दहावी म्हणजे माध्यमिक. मागच्या एका धाग्यावरही माझा असाच गोंधळ झाला होता.

खडू_डस्टर | ५ एप्रिल, सकाळी ६.५०

कुमुदताई, मध्य प्रदेशात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी माध्यमिक शाळा, नववी-दहावी हायस्कूल. पण दहावी-बारावीची परीक्षा घेतं त्या भोपाळच्या मंडळाचं नाव मात्र माध्यमिक शिक्षा मंडल. तेव्हा गोंधळ होणारच.

आता रामबागवाली, तुमच्या प्रश्नाकडे. मी जिल्ह्यातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. अकरा वर्षं नववीचा वर्ग माझ्याकडे आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

नववीत पाच-सहा शाळांतून मुलं येतात. प्रत्येक जण आपल्या जुन्या शाळेत सगळ्यात मोठा होता. कोणी घंटा वाजवायचा, कोणी धाकट्यांना जेवण वाढायचा. माझ्याकडे येतो तेव्हा त्याला पाणी कुठे आहे हेही ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. आठवीपर्यंत एक-दोन सर-मॅडम सगळं शिकवतात, कोणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना माहीत असतं. इथे दर तासाला नवा माणूस. सत्तर मुलांची नावं पाठ व्हायला मलाच दिवाळी उजाडते, आणि गळायची मुलं तोवर गळालेली असतात.

दुसरी गोष्ट जेवणाची. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंतच. शाळा साडेदहा ते साडेचार. सकाळी चहा-टोस्ट खाऊन आलेलं मूल दोन वाजता बाकावर डोकं टेकतं. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत अशा मुलांना मी उभं करत असे, आळशी समजून. एकदा एका मुलाला उभं केलं आणि तो सरळ खाली बसला, चक्कर येऊन. शेजारचा म्हणाला, "मॅडम, ये पहले खाना स्कूल में ही खाता था." तेव्हापासून माझ्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा असतो. त्याने काय होणार, पण असतो.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असा नियम होता. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि त्यानंतर आपल्याकडे पाचवी-आठवीच्या परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होतात. तरी भागाकार न येणारी मुलं नववीत येतातच. सुरुवातीला ब्रिज कोर्स होतो. मन लावून घेतो आम्ही. पण ज्याला अपूर्णांक कळले नाहीत त्याच्यापुढे थोड्याच दिवसांत बहुपद येऊन उभं राहतं.

तुमच्या मुलीचं वेगळं आहे. ती हुशार असली तरी पहिले तीन महिने मठ्ठ दिसेल. तिला फोटोसिंथेसिस येतं, प्रकाश-संश्लेषण येत नाही. ट्रायंगल येतो, त्रिभुज लिहिताना अडेल. आमच्या वर्गात अशी मुलगी आली की मुलं "अंग्रेजी मेम" म्हणतात आणि पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की हसतात. हे आधी तिला सांगून ठेवा. आपण माठ आहोत असं तिला वाटता कामा नये.

आणि सरकारच्या सीएम राइज शाळा, ज्यांना आता सांदीपनी विद्यालय म्हणतात, तिथे इंग्रजी माध्यमाचा वर्ग आणि जागा आहे का ते आजच विचारा. एप्रिल उलटला की फार उशीर होतो.

छप्पनवाला | ५ एप्रिल, सकाळी ८.१०

मॅडम, बिस्किटाच्या पुड्याचं वाचून पोह्याचा घास घशाखाली उतरेना. तुमची शाळा कोणत्या भागात आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दर महिन्याचे पुडे माझ्याकडून.

पोलोग्राउंड | ५ एप्रिल, सकाळी ११.२०

मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो. मूळ चूक पंचवीस टक्क्यांची आहे. गरिबाचं मूल आठ वर्षं त्या शाळेत पाहुणं म्हणून ठेवायचं, सवय लावायची, आणि चौदाव्या वर्षी दार दाखवायचं. त्यापेक्षा पहिल्यापासून सरकारीत असतं तर आज बिल्ला उसवायची वेळ आली नसती. सरकारने तोच पैसा आपल्या शाळांवर खर्च करावा.

आणि फीस भरू नका. यंदा चार घरं आहेत, पुढच्या वर्षी दोन उरतील. अकरावीत अर्ध्यावर सोडण्यापेक्षा आत्ता सोडलेलं बरं. आईबापांनीही थोडी जबाबदारी घ्यायला हवी, हे माझं मत कोणाला आवडो न आवडो.

मिलवाल्याचा_मुलगा | ५ एप्रिल, दुपारी ३.१५

पोलोग्राउंड साहेब, फीसबद्दल तुमचं पटतं. आईबापांच्या जबाबदारीबद्दल मात्र लिहावंसं वाटतं.

माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मूळचे आम्ही खानदेशातले, आजोबा मिलसाठी इंदुरात आले. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत होतो. पुढच्या जुलैत मी नववीत गेलो, नंदानगरहून चालत. आमच्या वर्गात निम्मी मुलं मिलवाल्यांचीच होती आणि त्यातल्या एकानेही घरचं काही बोलून दाखवलं नाही. मी तुम्हाला सांगतो गप्प राहणं म्हणजे काय असतं. वर्गात सरांनी भूमितीची पेटी आणायला सांगितली. मी घरी सांगितलंच नाही. वडील दिवसभर खाटेवर बसून मिलच्या भोंग्याच्या वेळेला उठून उभे राहायचे, त्यांना काय सांगणार? मी सरांना म्हटलं विसरलो. दुसऱ्या दिवशीही विसरलो. आठवडाभर बाहेर उभा राहिलो. सरांनी वहीवर शेरा लिहिला, "लापरवाह".

नववी नापास झालो. मग सियागंजात दुकानावर लागलो, प्रायव्हेट बसून दहावी केली, पुढे बीकॉमही केलं. पण बरोबरची कितीतरी मुलं परत शाळेत गेलीच नाहीत. मिल कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी निघाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षांनी. माझे वडील तोवर राहिले नव्हते.

तर आईबाप जबाबदारी घेत नाहीत असं नसतं हो. मूलच त्यांच्यापर्यंत गोष्ट पोहोचू देत नाही. ताई, तुमच्या मुलीने ब्लेड हातात घेतलं ते त्यातलंच.

पोलोग्राउंड | ५ एप्रिल, दुपारी ४.००

मिलवाल्याचा मुलगा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. जबाबदारीचं वाक्य मागे घेतो. पंचवीस टक्क्यांबद्दलचं मत कायम.

मांडवीची_माई | ५ एप्रिल, सायंकाळी ६.३०

बडोद्याहून लिहिते. आमच्याकडे पहिली ते आठवी एकाच शाळेत असते, त्यामुळे सहावीचा धक्का नाही, पण नववीचा मोठा. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत आठ वर्षं एकाच आवारात वाढलेली मुलं, आणि पुढे हायस्कूल भलत्याच भागात. मी पाणीगेटकडच्या मुली पाहिल्यात. शाळा लांब म्हणून बापाने नको म्हटलं, की लगेच शिलाई मशीन येतं घरात. आता नववीच्या मुलींना सायकल मिळते, आणि २०२४ पासून नमो लक्ष्मी योजनेत नववी ते बारावी चार वर्षांचे मिळून ५०,००० रुपये. पैशापेक्षाही, मुलगी हजर राहिली तरच हप्ता येतो, म्हणून घरचेच सकाळी विचारतात, "गेली का गं शाळेत?" हे मला मोठं वाटतं.

अवांतर होईल, पण सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शंभराहून जास्त वर्षं झाली. सक्ती प्राथमिकच्या पुढे सरकायला किती काळ लागला पाहा, आठवीपर्यंतच आलो आपण.

कोथरूडची_कुमुद | ५ एप्रिल, सायंकाळी ७.०५

माई, मध्य प्रदेशातही सायकल आहे ना? रामबागवाली ताईंना उपयोगी पडेल.

खडू_डस्टर | ५ एप्रिल, रात्री ८.२०

आहे, सहावीला आणि नववीला. पण ती गावातल्या मुलांसाठी, ज्यांच्या गावात पुढची शाळा नाही त्यांना. इंदूर शहरातल्या मुलीला मिळणार नाही.

शिष्यवृत्तीचंही सांगते. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते, पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. आरटीईतून खासगी शाळेत शिकलेलं मूल कितीही गरीब असो, त्याला बसता येत नाही. म्हणजे तुमच्या थोरलीला नाही. धाकट्याला मात्र तीन वर्षांनी बसवा, आत्तापासून लक्षात ठेवा.

संध्याकाळची_शाळा | ६ एप्रिल, दुपारी १२.१०

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर मूसाखेडीच्या एका बस्तीत संध्याकाळी मुलांना शिकवतो. सात वर्षं झाली.

कोणी ही बाजू मांडली नाही म्हणून लिहितो. चौदा हे वय बघा. आठवीला मोफत शिक्षण संपतं. जेवण संपतं. आणि बालमजुरीच्या कायद्याप्रमाणे, २०१६ च्या बदलानंतर, चौदाच्या आत कामावर ठेवायला बंदी, चौदा ते अठरा फक्त धोक्याच्या कामांना बंदी. म्हणजे ज्या उन्हाळ्यात शाळेचा हात सुटतो त्याच उन्हाळ्यात गॅरेजवाला, हलवाई, कपड्याचा दुकानदार कायद्याने हात पुढे करू शकतो. मे महिन्यात मुलगा "छुट्टी में टाइमपास" म्हणून कामाला लागतो, जूनच्या शेवटी हातात पैसे आलेले असतात. मग नववीचा फॉर्म भरायला कोण जातो? ही मुलं शिक्षणाला कंटाळली म्हणतात. मी तरी एकही कंटाळलेला पाहिला नाही. संकोचलेले मात्र पुष्कळ पाहिले.

दुसरं, आमच्या बस्तीत झाबुआ-अलीराजपूरची कुटुंबं खूप. भगोरियाच्या जत्रेला, होळीच्या आधी, सगळी गावाला जातात आणि तिथून गव्हाच्या कापणीला थांबतात. वार्षिक परीक्षा नेमकी त्याच सुमारास. प्राथमिकच्या बाई घरी निरोप पाठवतात, फोन करतात. नववीत निरोप पाठवणारं कोणी नसतं. मूल परत येतं, रजिस्टरात लाल रेघ बघतं आणि उलट्या पावली घरी.

जरा हसण्यासारखंही सांगतो. मागच्या आठवड्यात बीजगणित घेत होतो. म्हटलं, "मान लो कि एक्स बराबर पाँच." मागून एक पोरगं अगदी गंभीरपणे म्हणालं, "सर, और नहीं माना तो?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. मग विचार केला, याला आजवर कोणी सांगितलंच नाही की गणितात मानायचं का असतं. तो पूर्ण तास त्यावरच घालवला. तो मुलगा आता रोज पहिल्या रांगेत बसतो.

छप्पनवाला | ६ एप्रिल, दुपारी १२.४०

"और नहीं माना तो" 😄 भिया, हा पोरगा पुढे वकील होणार बघा.

शेवटचा_बाक | ६ एप्रिल, रात्री ११.३०

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

मी आरटीईची मुलगी आहे. आई पोळ्या लाटायची, सुदामानगरात. २०११ मध्ये आपल्याकडे पंचवीस टक्क्यांचे प्रवेश सुरू झाले त्याच वर्षी मी पहिलीत गेले. वर्गात मी वेगळी आहे हे मला दुसरीत कळलं. दरवर्षी एक मॅडम यादी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आरटीईवाले खड़े हो जाओ." काही वाईट हेतू नव्हता त्यांचा, सह्या घ्यायच्या असत. पण आम्ही चार जण उभे राहायचो आणि बाकी सगळे वळून बघायचे.

नववीत, २०१९ ला, शाळेने अर्धी फीस माफ केली आणि उरलेली आईने कर्ज काढून भरली. मला तेव्हा कोणी विचारलं नाही. मी शाळेत तर राहिले, पण दर महिन्याच्या दहा तारखेला पोटात गोळा यायचा. कोणी काही बोलत नव्हतं तरी यायचा. सहलीचा कागद आला की मी तो बसमध्येच फाडून टाकायचे. मैत्रिणींना सांगायचे की मला गाडी लागते. ते वर्षभर मी गाडी लागणारी मुलगी होते.

मग मार्चमध्ये लॉकडाउन लागलं. घरात एक फोन, तो बाबांबरोबर जायचा. दहावीत मी वर्ग केलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. २०२१ ला दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत गुणांवर पास झाले. अकरावीत मी स्वतःहून सरकारी शाळेत गेले, आणि खोटं नाही सांगत, पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा मांडीवर उघडा ठेवून खाल्ला. झाकणाआड न लपवता. बाकी बरंच वाईट होतं, मुलींच्या संडासाला कडी नव्हती, पाळीच्या दिवसांत आम्ही घरीच राहायचो. पण डबा उघडा होता.

पोलोग्राउंड काका, तुम्ही म्हणता त्या शाळेत जायलाच नको होतं. मला तसं वाटत नाही. मी आज इंग्रजीत मुलाखत देते ती त्या शाळेमुळे. दोन्ही खरं आहे माझ्या बाबतीत.

रामबागवाली काकू, एकच विचारते, रागावू नका. इथे सगळ्यांनी सल्ला दिला. तिला विचारलंत का?

पोलोग्राउंड | ७ एप्रिल, सकाळी ७.१५

बेटा, लिहीत राहा इथे. तुझं म्हणणं मनात ठेवलंय.

रामबागवाली | ९ एप्रिल, रात्री १०.१०

शेवटचा_बाक, रागावू कशाला? तुझा प्रतिसाद वाचून मी रात्रभर तळमळले. खरंच विचारलं नव्हतं. आम्ही चार बायकांनी ग्रुपवर ठरवलं, आकडे मांडले, कोण किती देणार ते झालं, आणि ज्या मुलीसाठी चाललंय ती मागच्या पायरीवर.

आज तिला घेऊन गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. हात कामात असले की बोलणं निघतं. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "आंटी, तुम्ही फीस दिलीत तर मम्मी तुमच्याकडे सुट्टी कशी मागणार?"

मला काही सुचेना. मागच्या वर्षी बाईंच्या सासूच्या आजारपणात त्यांनी आठ दिवस मागितले होते आणि मी जरा कुरकुरले होते. ते या मुलीने ऐकलं होतं.

हळूहळू बाकीचंही निघालं. वर्गातल्या एकुलत्या एका मैत्रिणीला तिने सांगितलंय की आम्ही खरगोनला राहायला जातोय. म्हणून आता बाजारातही घाबरून फिरते, ती भेटली तर? आणि सरकारी शाळेची भीती वाटत नाही म्हणाली. भीती एकाच गोष्टीची, आपल्याला हिंदीत विज्ञान लिहिता येणार नाही आणि सगळे म्हणतील, इंग्रजी शाळेतही काही शिकली नाही. खडू_डस्टर मॅडम, तुम्ही लिहिलं होतंत ते नेमकं.

फीस भरायची नाही असं ठरलंय. तिनेच ठरवलंय.

मिलवाल्याचा_मुलगा | ९ एप्रिल, रात्री १०.३०

सुट्टी कशी मागणार... चौदा वर्षांच्या पोरीला हा हिशेब कळतो.

खडू_डस्टर | १० एप्रिल, सकाळी ६.४५

कागदं आत्ताच लावा. टीसी, आठवीची अंकसूची, समग्र आयडी (आपल्या राज्याचा ओळख क्रमांक), आधार, जातीचा दाखला. समग्रवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, हे घरी बसून ताडून बघा. दर जुलैत माझ्याकडे दहा-बारा मुलं एवढ्याचसाठी खेटे घालतात आणि प्रत्येक खेट्याला आईचा एक दिवसाचा पगार जातो. टीसी आणायला बाईंबरोबर तुम्हीही जा. तुम्ही बोलू नका, नुसत्या शेजारी बसा.

आणि पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटून तिचं नाव सांगा. सत्तरांत एक नाव आधीपासून माहीत असलं की मास्तरांचं लक्ष आपोआप जातं. हे मी स्वतःवरून सांगते.

शेवटचा_बाक | १० एप्रिल, रात्री ९.२०

काकू, तिला माझा नंबर द्या, तिची इच्छा असेल तर. हिंदी शब्दांसाठी मी एक वही केली होती, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हिंदी. दोन महिन्यांत गरज संपली होती. ती वही अजून आहे.

रामबागवाली | २ जुलै, रात्री ९.००

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून.

थोरलीला सरकारी हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, हिंदी माध्यम. सांदीपनीत जागा नव्हती. शेवटचा_बाक दोनदा घरी येऊन गेली, दोघी खोलीचं दार लावून बसल्या होत्या, आतून हसण्याचा आवाज येत होता. वही आता हिच्याकडे आहे, आणि त्यात हिने स्वतःची सहा पानं वाढवलीत. शर्टाचं असं झालं की बाईंनी खजुरी बाजारातल्या टेलरकडून खिसाच बदलून घेतला, वीस रुपयांत. डबा मात्र अजून पूर्ण खाऊन येत नाही. विचारलं नाही मी, पण पाहतेय.

आता जे लिहायचंय ते धाकट्याबद्दल. त्याला काही प्रश्न नाही असं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहून मोकळी झाले होते. परवा तो दप्तर घेऊन आला, खांद्यावर लाल वळ. दप्तर उचलून बघितलं तर माझ्याच्याने उचलेना. सहावीच्या सगळ्या विषयांची सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या, पाचवीची दोन पुस्तकंही. रोज नेतो. म्हटलं, अरे वेळापत्रक बघून भरावं ना. त्याला वेळापत्रक म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. भिंतीवरचा तो चौकटींचा कागद परीक्षेचा आहे असं त्याला वाटत होतं. पाचवीपर्यंत एकच सर होते, ते म्हणायचे, "किताब निकालो," आणि हा काढायचा. आता कोण कधी येईल नेम नाही, म्हणून सगळंच घेऊन जातो. शिवाय संस्कृतच्या तासाला भलतीच वही काढली म्हणून एकदा रागावले होते.

बसलो दोघं. पट्टीने रेघा आखल्या, वार लिहिले, विषय लिहिले. मंगळवार भरून झाल्यावर तो म्हणाला, "मतलब मंगल को गणित की किताब घर पे रह सकती है?" आणि पुस्तक असं काही काढून ठेवलं, जणू कोणी बक्षीस दिलंय.

संध्याकाळची_शाळा | २ जुलै, रात्री ९.३५

ताई, उद्या माझ्या वर्गातल्या सहावीच्या सगळ्या मुलांची दप्तरं तपासतो. सात वर्षांत हे डोक्यातच आलं नव्हतं.

मांडवीची_माई | २ जुलै, रात्री ९.५०

डब्याचं विचारा हो. हळूच, पापड वाळवताना.

रामबागवाली | २ जुलै, रात्री १०.०५

विचारते माई, रविवारी कुरडया आहेतच.

मंडळी, एक काम होतं. नववीच्या विज्ञानाचं हिंदी माध्यमाचं जुनं पुस्तक कोणाकडे आहे का? शाळेतून अजून मिळालं नाही आणि पुढच्या सोमवारी पहिली चाचणी आहे. मी येऊन घेऊन जाईन.

खडू_डस्टर | २ जुलै, रात्री १०.१२

माझ्याकडे दोन आहेत. एकात मागच्या मुलीने पेन्सिलने खुणा केल्यात, चालेल ना? शनिवारी शाळा सुटल्यावर रामबागेत येते, ती घरी असेल तर भेटही होईल.

रामबागवाली | २ जुलै, रात्री १०.१५

खुणांचंच द्या मॅडम. साडेपाचला ती इथेच असते.